चारचाकीची खतावणी

वेंगुर्ले हे गाव एका बाजूने समुद्राला आणि दुसऱ्या बाजूने घाटाला बांधलेले आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली ती बंदरासाठी, आणि बंदर चालले ते घाटावरून उतरणाऱ्या मालावर. पुढे बंदराचे महत्त्व ओसरले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही गावात न येता कुडाळ आणि सावंतवाडीवरून गेली. व्यापार मात्र टिकला. काजू, आंबा, किराणा, कापड यांच्या पेढ्या आजही चालतात, आणि त्यांची सोयरीक व उधारी, दोन्ही आंबोलीचा घाट चढून बेळगाव, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीपर्यंत पोहोचलेल्या असतात. अशा गावात व्यापारी घराची मोटार ही हौसेपेक्षा गरजेची वस्तू असते. तराजू, तिजोरी आणि टेलिफोन यांच्याच पंक्तीत ती बसते.

येथल्या एका काजू व्यापाऱ्याच्या कुटुंबाने गेल्या दिवाळीनंतर नवी गाडी घेण्याचे ठरवले. घर एकत्र, माणसे सात. थोरले बंधू पेढीचा हिशेब पाहतात, धाकटे खरेदी-विक्रीसाठी फिरतात. आई-वडील सत्तरी ओलांडलेले. धाकट्या सूनबाई स्वतः गाडी चालवतात आणि थोरल्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. जुनी गाडी अकरा वर्षांची झाली होती. तिचे इंजिन अजून कुरकुर करीत नव्हते, पण खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला होता. चालकाच्या पायाखालचे पायपुसणे उचलले की एका कोपऱ्यातून खालचा रस्ता दिसे.

घरात पहिला वाद गाडीच्या प्रकारावरून झाला. पुण्याच्या मुलाला उंच बांधणीची, जीपसारखी दिसणारी गाडी हवी होती. बाजाराचा कल आज तिकडेच आहे, हे त्याचे म्हणणे खरेही होते. मध्यम आकाराच्या सेडानचा वर्ग गेल्या काही वर्षांत आक्रसत गेला आहे. २०१४ मध्ये आलेली मारुती सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधी टोयोटाची यारिस २०२१ मध्ये गेली. डिझेलचे इंजिन तर २०२३ नंतर या वर्गात उरलेच नाही. आता प्रामुख्याने चारच नावे राहिली आहेत: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. पण धाकट्या बंधूंचा अनुभव वेगळा होता. घाटाच्या वळणांवर बुटकी गाडी रस्त्याला धरून राहते, मागे बसलेल्यांना कमी हेलकावे बसतात, आणि पाचशे लिटरच्या वर भरणारी बंद डिकी नमुन्याच्या पिशव्या, आईवडिलांच्या औषधांची पेटी व चार दिवसांचे सामान सहज पोटात घेते. काजूगराचे नमुने प्रवाशांच्या डोक्यामागे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वेगळ्या कप्प्यात असणे त्यांना अधिक सोयीचे वाटे.

सेडानच्या बाजूने इतके सगळे असताना एक गोष्ट तिच्या विरुद्धही होती. तिचे आसन खाली असते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात उतरावे आणि त्यातून उठावे लागते. म्हणून थोरल्यांनी एक नियम केला. ज्या गाडीत आई-वडील कोणाचा हात न धरता बसू-उठू शकणार नाहीत, ती गाडी यादीतून वगळायची. शोरूममध्ये वडिलांना मागच्या आसनावर तीनदा बसवले आणि तीनदा उठवले. सोबतच्या विक्रेत्याला हे काहीसे चमत्कारिक वाटले. पण माहितीपत्रकात न छापलेली सर्वांत उपयुक्त माहिती त्या पाच मिनिटांत मिळाली.

थोरल्या बंधूंनी दुसऱ्याच दिवशी एक जुनी लांबट वही काढली आणि तिच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात नंतर कधीच बसवता येणार नाहीत अशा गोष्टी, दुसऱ्यात नंतर पैसे देऊन बसवता येतील अशा, आणि तिसऱ्यात वेंगुर्ल्यात ज्यांचा उपयोग नाही अशा. मुलाने माहितीपत्रकातून वाचून दाखवायचे आणि त्यांनी रकान्यात उतरवायचे. हवा खेळवणारी थंड आसने, छतातील सनरूफ, रंग बदलणारे आतले दिवे, मोठा पडदा, बिनतारी चार्जर, आठ स्पीकर. यादी संपेना.

“दादा, सनरूफ तिसऱ्या रकान्यात का?” धाकट्यांनी विचारले.

“जून ते सप्टेंबर पाऊस, मार्च ते मे ऊन. उरलेल्या पाच महिन्यांत माडाखालून जाताना तू ते उघडणार आहेस का?” थोरले म्हणाले.

पहिला रकाना सर्वांत लहान झाला, पण वजनाने जड. गाडीचा सांगाडा, एअरबॅगांची संख्या, घसरणाऱ्या गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ब्रेक आणि गिअरबॉक्स. सुरक्षेच्या चाचण्यांचे तारे आता सर्वांना ठाऊक झाले आहेत. भारताची स्वतःची भारत एनकॅप ही व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींना पाच तारे मिळाले. पण केवळ तारे मोजून भागत नाही, अहवाल वाचावा लागतो. स्लाव्हिया आणि व्हर्टसचा सांगाडा स्थिर असल्याचा शेरा होता, तर व्हर्नाचा सांगाडा अस्थिर असल्याचा. ताळेबंदातला नफा पाहून लेखापरीक्षकाचा शेरा न वाचणाऱ्याला व्यापारी काय म्हणतील, तेच येथेही लागू आहे.

सुरक्षेचा सर्वांत स्वस्त भाग मात्र कोणत्याही गाडीत फुकटच मिळतो, तो म्हणजे मागच्या आसनाचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगाही होत्या, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्या अपघातात पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या प्रवाशालाही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही एकत्र कुटुंबाच्या गाडीत मागे चौघे-पाच जण दाटीने बसतात आणि पट्टे गादीखाली दाबलेले असतात. या घरात ठरले की मागे तिघेच बसतील आणि तिघेही पट्टा लावतील. चौथ्या माणसासाठी एसटी आहे.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. पावसाळ्यात दाट धुके, वरून कोसळणारे पाणी आणि समोरून येणारे मालट्रक, अशा स्थितीत इंजिनाची ताकद कागदावर किती आहे यापेक्षा ती कमी फेऱ्यांत मिळते का, हे महत्त्वाचे ठरते. सिटी आणि व्हर्नाच्या साध्या दीड लिटर इंजिनाचा पीळ सुमारे १४५ न्यूटन मीटर आहे आणि तो वरच्या फेऱ्यांत मिळतो. स्लाव्हिया-व्हर्टसचे एक लिटरचे टर्बो इंजिन १७८ न्यूटन मीटर देते आणि तेही खालच्या फेऱ्यांपासून. चढावर हा फरक जाणवतो. उलट साध्या इंजिनात टर्बोचे भाग नसतात, त्यामुळे दहा वर्षांनी दुरुस्तीला येणारी एक वस्तू कमी होते. ऑटोमॅटिक गिअरचेही असेच आहे. तीन-चार प्रकारांचे गिअरबॉक्स या चार गाड्यांत आहेत, आणि ज्याची दुरुस्ती केवळ मोठ्या शहरात होते तो आरामदायी असला तरी वेंगुर्ल्याला दूरचा. समोरच्या वाहनाचे अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणारी नवी यंत्रणा उपयुक्त आहे. मात्र ती कॅमेऱ्याच्या नजरेवर विसंबते आणि आंबोलीच्या धुक्यात माणसाप्रमाणे कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

रस्त्यापासूनची उंचीही तपासली. स्लाव्हिया आणि व्हर्टसची १७९ मिलिमीटर, सिटीची १६५. पण ही मापे रिकाम्या गाडीची असतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या वेळी धाकट्यांनी पाच माणसे बसवून आणि डिकीत सामान ठेवून गावातल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी नेली. मोठ्या चाकांच्या महागड्या आवृत्तीत टायरची जाडी कमी असते आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो, हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. दिसायला कमी रुबाबदार असलेली लहान चाके त्या रस्त्यावर अधिक शहाणी ठरली.

आईंचा प्रश्न सर्वांपेक्षा निराळा होता. “आसनावर चामडे आहे का रे?” त्यांनी विचारले. विक्रेता अभिमानाने ‘लेदर’ असे म्हणाला. खरे की कृत्रिम, असे विचारल्यावर त्याला सांगता येईना. बहुतेक गाड्यांत आसनांवर कृत्रिम आवरण असते, पण स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीला खरे चामडे गुंडाळलेले असू शकते. कुटुंबाने कंपनीकडून लेखी उत्तर मागवले. मधल्या आवृत्तीत कापडी आसने होती आणि स्टिअरिंगही साधे. प्रश्न मिटला, आणि पैसेही वाचले.

यानंतर आकड्यांची पाळी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील जीएसटीची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर कर १८ टक्के झाला. मध्यम सेडानवर पूर्वी उपकरासह ४५ टक्के कर होता, तो सरळ ४० टक्के झाला. या चारही गाड्या साडेचार मीटरांहून लांब आहेत. त्यामुळे इंजिन एक लिटरचे असले तरी त्या ४० टक्क्यांतच बसतात.

“पेढीच्या नावावर घेऊ या, जीएसटी परत मिळेल,” असे धाकटे म्हणाले. अनेक व्यापारी घरांत हाच समज आहे आणि तो चुकीचा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावरील कराची वजावट मिळत नाही. अपवाद आहेत ते वाहनविक्री, प्रवासी वाहतूक आणि वाहनशिक्षण यांचे. काजूच्या व्यापाऱ्याला त्याचा लाभ नाही. उलट महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावावर सुमारे १२ टक्के वाहनकर लागतो, तर कंपनीच्या नावावर २० टक्के. १४ लाखांच्या गाडीवर हा फरक १ लाख १२ हजारांचा होतो. आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो हे खरे. पण गाडी खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी तो निम्मा होतो, घरगुती वापराचा हिस्सा वगळावा लागतो, आणि अंदाजित उत्पन्नावर कर भरणाऱ्याला तो वेगळा मिळतच नाही. करसल्लागाराशी बसून हे सगळे आधी पाहावे. केवळ कर वाचतो म्हणून गाडी घेणे म्हणजे सूट आहे म्हणून नको असलेला माल भरणे होय.

दुसरा आणि अधिक गंभीर प्रश्न खेळत्या भांडवलाचा होता. काजू बीचा हंगाम मार्च ते मे. या तीन महिन्यांत शेतकऱ्याला रोख पैसे मोजावे लागतात आणि वर्षभराची कमाई त्या खरेदीवर ठरते. जानेवारीत पेढीतून पंधरा-सोळा लाख काढून गाडी घेतली, तर मार्चमध्ये तेवढ्या रकमेचे बी हातचे जाणार, किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटवर जास्त व्याज भरावे लागणार. वडिलांनी येथे प्रथमच तोंड उघडले. “गाडी दारात आणि बी दुसऱ्याच्या गोदामात, असे होऊ देऊ नका,” एवढेच ते म्हणाले.

म्हणून कर्जाचा हिशेब मांडला गेला. १० लाख रुपये ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २०,७६० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,०९० पर्यंत उतरतो, पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. महिन्याला साडेचार हजारांची सवलत घेण्यासाठी १ लाखाहून अधिक जास्त मोजावे लागतात. पाच वर्षांची मुदत आणि मुदतीपूर्वी फेडल्यास शुल्क नाही अशी लेखी अट, या दोन गोष्टींवर कुटुंबाचे एकमत झाले. हंगाम चांगला गेला तर जूनमध्ये मुद्दल कमी करता येईल.

आता खतावणीचे मुख्य पान. थोरल्या बंधूंनी वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि दहा वर्षांचा वापर धरला. एक्स-शोरूम किंमत १४ लाख, वाहनकर १ लाख ६८ हजार, विमा, नोंदणी व इतर ५७ हजार, मिळून सव्वासोळा लाख. दहा वर्षांनी गाडीचे तीन लाख आले असे धरले तर १३ लाख २५ हजार गेले. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरून दहा वर्षांत ७ लाख ८७ हजार. पुढील नऊ वर्षांचा विमा सव्वादोन लाख, सर्व्हिसिंग व दुरुस्ती १ लाख ८० हजार, टायरचे दोन संच आणि दोन बॅटऱ्या मिळून ७५ हजार. बेरीज जवळजवळ २६ लाख. म्हणजे किलोमीटरला सुमारे २१ रुपये ६० पैसे.

हे आकडे अंदाजाचे आहेत आणि प्रत्येक घरात बदलतील. पण एकदा मांडल्यावर त्यांनी जे दाखवले ते घरातल्या कोणाच्याही अपेक्षेत नव्हते. शोरूममध्ये सर्वांत जास्त चर्चा ॲव्हरेजची होते. पण १५ ऐवजी १८ चे ॲव्हरेज मिळाले तर किलोमीटरला १ रुपया १७ पैसे वाचतात. सनरूफ आणि थंड आसनांच्या सर्वोच्च आवृत्तीला दोन लाख जास्त मोजले, तर त्यावरचा वाहनकर धरून आणि विकताना मिळणारी थोडी जादा रक्कम वजा करून किलोमीटरला सुमारे १ रुपया ७० पैसे वाढतात. आणि सर्वांत मोठा आकडा तिसराच निघाला. तीच गाडी दहाऐवजी सहा वर्षांत साडेपाच लाखांना विकावी लागली, तर घसरणीचा खर्च किलोमीटरला ११ रुपयांवरून जवळजवळ १५ रुपयांवर जातो. म्हणजे चार रुपयांच्या आसपास फरक. गाडी कोणती घेतली यापेक्षा ती किती वर्षे टिकवली, यावर हिशेब अधिक फिरतो.

वेंगुर्ल्यात गाडी टिकण्याला एकच मोठा शत्रू आहे, तो म्हणजे गंज. जुनी गाडी सांभाळणाऱ्या गावातल्या मेस्त्रींना नव्या गाडीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “शेटनू, गाडी वरसून बघू नकात, खालसून बघा.” नव्या गाड्यांचा पत्रा पूर्वीपेक्षा चांगल्या प्रक्रियेतून येतो, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर रोज उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढे पुरत नाही. मेस्त्रींनी सांगितलेली पथ्ये साधी होती. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर गाडी उचलून खालून गोड्या पाण्याने धुवावी. गंजरोधक लेप लावावा, पण पाणी वाहून जाण्याची दारांखालची भोके त्याने बुजवू नयेत. ओल्या गाडीवर ताडपत्री टाकू नये, कारण आत कोंडलेली ओल उघड्या पावसापेक्षा अधिक नुकसान करते. माडाखाली आणि आंब्याखाली गाडी लावू नये. काजूच्या गोदामाजवळ तर मुळीच नको, कारण बियांसाठी आलेला उंदीर गाडीच्या वायरीही कुरतडतो. शेवटचा मुद्दा ऐकताना धाकटे बंधू गप्प झाले. जुनी गाडी दहा वर्षे गोदामाच्या पडवीतच उभी असे.

त्याचा संबंध दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधील एका रात्रीशी होता. वडिलांच्या छातीत कळ आली आणि गाडी चालू होईना. वायर कुरतडलेली होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली आणि मुसळधार पावसात त्यांना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचवले. वडील वाचले. विश्वासार्हता हा शब्द माहितीपत्रकात नेहमी असतो, पण त्या रात्री या घराला त्याचा अर्थ कळला. गाडी कधी बिघडणार नाही असे कोणीही सांगू शकत नाही. मात्र ती कशाने बिघडते हे ओळखून ते टाळणे, आणि बिघडल्यावर मदत किती लांब आहे हे आधीच ठाऊक असणे, या दोन गोष्टी मालकाच्या हातात असतात.

म्हणून सर्व्हिस सेंटरच्या निवडीला वहीत शंभरपैकी पंचवीस गुण दिले गेले. सुरक्षेला तीस, खर्चाला वीस, आराम आणि आई-वडिलांच्या उठण्याबसण्याला पंधरा, आणि उरलेल्या सगळ्या सोयींना मिळून दहा. सूनबाईंनी चारही कंपन्यांच्या जवळच्या केंद्रांना दूरध्वनी केले आणि तीन प्रश्न विचारले. शनिवारी गाडी घेता का? पुढचा बंपर, क्लच आणि पाण्याचा पंप यांपैकी काय साठ्यात असते आणि काय मागवावे लागते? गाडी बंद पडल्यास वेंगुर्ल्याला टोचन पाठवता का, आणि किती वेळात? कोणी लगेच आकडे सांगितले, कोणी ‘पाहून सांगतो’ म्हणाले आणि पुन्हा फोन केला नाही. त्या उत्तरांनी वहीतील क्रम बराच बदलला.

विम्याचाही निर्णय याच हिशेबातून झाला. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीचा विमा घेताना प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट कापली जाते, म्हणून पहिली पाच वर्षे घटमुक्त विमा घ्यायचे ठरले. शिवाय इंजिनात पाणी शिरल्यास भरपाई देणारे पूरक संरक्षणही घेतले. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला की इंजिनाचे मोठे नुकसान होते, आणि साधा विमा ते सहसा भरून देत नाही. हे कलम घरातल्या तिन्ही चालकांना वाचून दाखवण्यात आले.

शेवटी कुटुंबाने मधल्या आवृत्तीची, साध्या दीड लिटर इंजिनाची आणि हाताने गिअर बदलायची गाडी पसंत केली. घाटाच्या चढावर टर्बो अधिक सुखाचे होते, हे धाकट्यांनी मान्य करूनच सोडून दिले. कुटुंबाच्या या निवडीची शिफारस इतरांना करण्यात अर्थ नाही, कारण हीच वही दुसऱ्या घरात वेगळे उत्तर देते. इचलकरंजीच्या त्यांच्या मावसभावाने ती मागून घेतली. तो वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरतो, बहुतेक शहरातून, आणि समुद्र त्याच्यापासून दूर आहे. त्याने होंडा सिटीच्या हायब्रिडचा हिशेब केला. चार लाख जास्त किंमत आणि १५ ऐवजी २२ चे ॲव्हरेज धरले, तर वेंगुर्ल्याच्या १२ हजार किलोमीटरला ती जादा किंमत भरून यायला पंधरा वर्षे लागतात. त्याच्या वापरात मात्र ती सात वर्षांच्या थोड्या पुढेच वसूल होते. त्याच्यासाठी तो विचार योग्य होता. फक्त बॅटरीमुळे त्या गाडीची डिकी साध्या सिटीपेक्षा बरीच लहान असते, हे त्याने आधी आपल्या सुताच्या नमुन्यांच्या पेट्या मोजून पाहिले.

गाडी फेब्रुवारीत आली. निम्म्याहून थोडी अधिक रक्कम कर्जाची, बाकी घरातील शिलकीतून. पेढीच्या भांडवलाला हात लागला नाही आणि मार्चमध्ये बीची खरेदी नेहमीप्रमाणे झाली. गोदामापासून दूर, घराच्या मागे जांभ्या दगडाची नवी पडवी बांधली, तिला छताला पत्रे आणि जमिनीला उतार दिला. तिचा खर्च थोरल्यांनी खतावणीत गाडीच्याच खात्याला टाकला. वडिलांची तपासणी आता दर तीन महिन्यांनी असते. पुढची तारीख त्याच वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहिलेली आहे, सर्व्हिसिंगच्या तारखेच्या शेजारी.